घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा अडकतो तेव्हा

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तेव्हा खान्देशात थंडी चांगली पडलेली असते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशाकडची जनावरं गाडीत उभ्याउभ्या प्रवास करून उतरतात. वाटेत पाणी कमी मिळालेलं असतं. इथलं पाणी वासाला वेगळं लागतं, त्यात ते गार, म्हणून घोडा बादलीत तोंड घालतो आणि तसाच मागे घेतो. भूक मात्र असते, त्यामुळे समोर पडलेला अनोळखी कडबा तो खातो. मग सौदा ठरेपर्यंत अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर, लावून एकाच जागी उभा. कमी पाणी, अचानक बदललेला कोरडा चारा आणि बंद झालेली हालचाल, मोठ्या आतड्यात चारा सुकून अडकायला एवढं पुरतं. बाजारात न गेलेल्या घोड्यांनाही हेच होतं. लग्नसराई संपल्यावर चातुर्मासभर दावणीला असलेली नवरदेवाची घोडी, पाय मुरगळला म्हणून एकाएकी बांधून ठेवलेला शर्यतीचा घोडा, दात झिजलेली म्हातारी घोडी, सगळ्यांची आजाराची वाट हीच.

या दुखण्यात आतड्याला पीळ पडलेला नसतो किंवा ते फाटलेलंही नसतं. आतला चारा पाणी गमावून घट्ट झालेला असतो आणि पुढे सरकत नाही. वेळेवर ओळखलं तर बहुतेक घोडे ऑपरेशनशिवाय बरे होतात, आणि ते बरे होतात मुख्यतः पाण्याने. ते पाणी आत कसं पोचवायचं, किती, कधी थांबवायचं आणि दरम्यान काय करायचं नाही, हे मालकाला नीट माहीत असलं पाहिजे. घरगुती घाईने या आजारात घोडे हकनाक जातात.

अडकतं नेमकं कुठे

घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान असतं, ८ ते १५ लिटरचं. पुढे सुमारे २० मीटर लहान आतडं, मग उजव्या कुशीत ३० लिटरच्या आसपास माल मावेल असं आंधळं आतडं, आणि त्यानंतर ३ ते ४ मीटर लांबीचं मोठं आतडं. कडब्यातला धागा जंतूंकडून कुजवून त्यातली ताकद काढण्याचं काम या शेवटच्या दोन भागांत चालतं. मोठ्या आतड्यात एका वेळी ५०-६० लिटरहून अधिक माल असू शकतो, आणि तो पातळ लगद्यासारखा असायला हवा.

एवढं लांब आतडं पोटात मावावं म्हणून ते दुहेरी घडी घालून बसलेलं असतं. पोटाच्या तळाशी उजवीकडून छातीकडे जातं, तिथे वळून डाव्या बाजूने मागे कमरेच्या हाडापर्यंत येतं, तिथे एकदम उलटं फिरून वरच्या थरातून पुन्हा पुढे जातं. कमरेजवळच्या या वळणावर घात होतो. इथवर आतड्याची रुंदी वीतभर किंवा त्याहून जास्त असते, वळणावर ती ८-१० सेंटीमीटरवर येते. कोरडा, भरड माल या अरुंद तोंडाशी थबकतो आणि मागून येणारा त्यावर साचत जातो. दुसरी अरुंद जागा वरच्या थराच्या शेवटी, जिथे मोठं आतडं आखडून पुढच्या लहान व्यासाच्या आतड्याला मिळतं. तिथला अडथळा हाताला लागत नाही, म्हणून तो ओळखायला अवघड.

घोडा पाणी कमी पितो तेव्हा शरीर रक्तातलं पाणी टिकवण्यासाठी मोठ्या आतड्यातलं पाणी ओढून घेतं. म्हणजे तहानलेल्या घोड्याचं आतडंच त्याची टाकी असते, आणि टाकी रिकामी होताना आत गाळ उरतो. माल जितका जास्त वेळ थांबतो तितकं पाणी शोषलं जातं, म्हणून पहिल्या दिवशी जे नाकातल्या नळीने दोनदा पाणी सोडून सुटलं असतं त्याला तिसऱ्या दिवशी दोन दिवस झुंजावं लागतं.

लीद सगळ्यात आधी बोलते

धडधाकट घोडा दिवसातून ८ ते १२ वेळा लीद टाकतो. गोळे ओलसर, मुठीएवढे, जमिनीवर पडल्यावर सहज फुटणारे. चारा अडकू लागला की आधी लिदेचे ढीग मोजके होतात. मग गोळे लहान, कडक, काळपट येतात आणि त्यांवर पांढरट चिकट शेंबडासारखा थर दिसतो. हा थर म्हणजे माल आतड्यात रेंगाळला होता याची खूण. गोळा हातात घेऊन तोडावा. आत कडब्याचे बोटाच्या पेराएवढे लांब, न चावलेले तुकडे दिसले तर कारण दातांत आहे असं धरून चालावं. दोन दाढांमधून वाटून गेलेला चारा इतका लांब राहत नाही.

पोटदुखी सुरुवातीला सौम्य असते, येते आणि जाते. घोडा चंदी (दाण्याचा खुराक) अर्धी टाकतो, मान वळवून कुशीकडे बघतो, पुढच्या टापेने जमीन खरवडतो, वरचा ओठ उलटा करतो, लघवीला बसावं तसा अंग ताणून उभा राहतो आणि लघवी होत नाही. काही घोडे नुसते आडवे होतात, मान टाकून पडून राहतात, आणि मालकाला वाटतं थकला असेल. आतड्याला पीळ पडला की घोडा स्वतःला जमिनीवर आपटतो, घामाने निथळतो, कुणाचं ऐकत नाही. चारा अडकलेला घोडा एवढा आक्रस्ताळा नसतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे एखादा दिवस दुर्लक्ष होतं.

डॉक्टरांना फोन करण्याआधी चार गोष्टी बघून ठेवल्या तर फोनवरच निम्मं काम होतं. नाडी: खालच्या जबड्याच्या कडेवरून जाणारी रक्तवाहिनी बोटाखाली धरून ३० सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. निवांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात. चारा अडकलेल्यात ते ४० ते ६० च्या मध्ये असतात. दुखणं थांबलेलं असतानाही ६० च्या वर टिकून राहिले तर प्रकरण साध्या अडकण्यापुढे गेलेलं आहे. हिरडी: वरच्या दातांच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबून सोडायचा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. हिरडी कोरडी, चिकट लागली तर पाणी कमी पडलंय. विटकरी किंवा जांभळट दिसली तर विष रक्तात चाललंय. ताप: गुदद्वारात थर्मामीटर धरून, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. आणि शेवटची लीद कधी, किती, कशी.

कुशीला कान लावला तर निरोगी घोड्यात गुरगुर ऐकू येते. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, प्रत्येक जागी निदान मिनिटभर ऐकावं. अडकण्यात हे आवाज मंदावतात, पण पूर्ण बंद झालेच पाहिजेत असं नाही. आवाज आहे म्हणून आजार नाही, हा निष्कर्ष काढू नये.

गाभण घोडीत शेवटच्या दोन महिन्यांत हीच लक्षणं दिसली तर व्यायला झाली असेल म्हणून वाट बघत बसू नये. वाढलेल्या गर्भाने आतड्याला जागा कमी पडते, त्यामुळे चारा अडकण्याची शक्यता तिच्यात जास्तच.

डॉक्टर काय तपासतात

निदान पक्कं होतं ते गुदद्वारातून हात घालून केलेल्या तपासणीने. घोड्याचं गुदाशय पातळ असतं, जोराच्या कुंथण्याने फाटू शकतं, आणि फाटलं तर घोडा वाचवणं फार कठीण. म्हणून खांद्यापर्यंत हातमोजा, भरपूर वंगण, घोडा नीट आवरलेला, गरज पडली तर झायलाझिनसारखं गुंगीचं इंजेक्शन, आणि गुदाशय सैल करणारं हायोसिन ब्यूटाइलब्रोमाइड किलोमागे ०.३ मिलिग्रॅम शिरेतून सावकाश. हे दुसरं औषध अर्धा तास नाडी वाढवतं, म्हणून नाडी आधी मोजलेली हवी. मालकाने किंवा मोतद्दाराने हात घालून बघण्याचा प्रयत्न अजिबात करू नये.

हात आत गेल्यावर डावीकडे खाली, कधी थेट कमरेच्या हाडाच्या तोंडाशी, मांडीएवढा जाड, गुळगुळीत कातडीचा गोळा लागतो. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. जुना असेल तर खळगा पडत नाही, कडक लागतो. आतड्यात हवा भरून ताणलेले पट्टे हाताला लागले, किंवा आतडं प्लीहेच्या वरून गेलेलं जाणवलं, तर तो निराळा आजार. उजव्या कुशीत वरच्या बाजूला गोळा लागला तर आंधळ्या आतड्यात माल साठलेला आहे, आणि त्याला जास्त जपावं लागतं. त्या प्रकारात थोडीथोडी लीद येत राहते, दुखणं फारसं दिसत नाही, आणि आतडं एकाएकी फुटतं.

दुसरी तपासणी नाकातून जठरात नळी घालण्याची. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिकेचं जठराकडचं तोंड इतकं घट्ट असतं की जठर भरून फुटेल पण माल उलटा येणार नाही. नळी नाकपुडीच्या तळाने सरकवतात, घोडा गिळतो तेव्हा पुढे ढकलतात. मानेच्या डाव्या बाजूला ती सरकताना दिसते किंवा बोटाला लागते. नळी श्वासनलिकेत गेली तर तोंडाने ओढल्यावर हवा सहज येते, अन्ननलिकेत असेल तर ओढायला जोर लागतो. ही खात्री झाल्याशिवाय एक थेंबही सोडायचा नाही. नाकातून थोडं रक्त येणं चालतं, घाबरण्यासारखं नसतं.

नळी जठरात पोचली की थोडं पाणी सोडून नळीचं टोक खाली धरतात. गेलं तेवढंच परत आलं तर ठीक. दोन लिटरहून जास्त आंबूस द्रव बाहेर आला तर पुढे लहान आतड्यात काही अडलंय, अशा घोड्याला तोंडाने किंवा नळीने काहीही द्यायचं नाही. चारा मोठ्या आतड्यात अडकलेला असेल तर बहुधा परत काही येत नाही.

शंका राहिली तर पोटाच्या तळाशी मध्यरेषेवर सुई घालून पोटातलं पाणी काढतात. ते फिकट पिवळं, आरपार दिसणारं असेल तर आतडं शाबूत. लालसर किंवा गढूळ असेल तर आतड्याची भिंत मरू लागली आहे. रक्तातल्या पेशींचं प्रमाण, प्रथिनं आणि लॅक्टेट बघून शरीर किती कोरडं पडलंय तेही कळतं. नंदुरबार-धुळ्याकडच्या खेड्यांत या सगळ्या चाचण्या जागेवर होणार नाहीत. हात आणि नळी या दोन तपासण्या मात्र व्हायलाच हव्यात. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

उपचार: आधी वजन, मग पाणी

सगळं वजनावर ठरतं आणि वजन डोळ्याने ओळखण्यात चुका होतात. शिंप्याची टेप घ्यावी. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने गुणायचं, आणि ११,८८० ने भागायचं. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर सुमारे ३४४ किलो येतं. बहुतेक मारवाडी, काठियावाडी घोडे याच्या आसपास असतात, म्हणून पुढचे आकडे ३५० किलोच्या घोड्याचे दिले आहेत.

चारा आणि चंदी लगेच बंद. तोंडाला जाळी बांधावी, कारण भुकेला घोडा अंथरलेला पेंढाही खातो आणि साचलेल्यात भर पडते. पाणी बंद करायचं नाही, नळीतून द्रव परत येत असेल तेवढी वेळ सोडून.

दुखणं कमी करण्यासाठी फ्लुनिक्सिन किलोमागे १.१ मिलिग्रॅम शिरेतून, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनचे साधारण ७.७ मिलि, १२ तासांतून एकदा. ते मांसात टोचू नये, तिथे सडणारा जीवघेणा जंतुसंसर्ग होऊ शकतो. दर चार तासांनी सुई मारत राहणं हाही घातक उद्योग आहे. दुखणं झाकलं जातं, आतडं मात्र मरत राहतं, आणि कोरड्या पडलेल्या घोड्याचे मूत्रपिंड खराब होतात ते वेगळंच. एका पूर्ण मात्रेनंतर काही तासांत दुखणं परत उसळलं तर दुसरी मात्रा हे त्याचं उत्तर नाही, फेरतपासणी हे आहे. माणसांचं डायक्लोफिनॅक जनावराला देऊ नये. गिधाडं मेली ती याच औषधाने, आणि २००६ पासून भारतात ते जनावरांसाठी बंद आहे.

आता पाणी. सुईने शिरेतून दिलेल्या सलाइनचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. नळीतून जठरात सोडलेलं पाणी थेट आतड्यात जातं आणि मालापर्यंत पोचतं, शिवाय जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. खर्चही नगण्य. ३५० किलोच्या घोड्याला रोज नुसतं अंग राखायलाच १७ ते २१ लिटर लागतं. तेवढं सलाइन म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४० च्या आसपास बाटल्या. म्हणून घोडा फार कोरडा पडलेला असेल, किंवा नळीतून देता येत नसेल, तेव्हा शिरेतून. एरवी नळीच.

एका वेळी ५ ते ६ लिटर कोमट पाणी, दर दोन तासांनी. नरसाळं घोड्याच्या डोक्याच्या उंचीवर धरून पाणी आपल्या वजनाने उतरू द्यावं, पंपाने दाबू नये. प्रत्येक वेळी ओतण्याआधी टोक खाली धरून आधीचं पाणी पुढे गेलं का ते बघायचं. दोन लिटरहून जास्त परत आलं तर थांबायचं. नुसतं साधं पाणी दिवसभर दिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, म्हणून दर लिटरला ५.३ ग्रॅम साधं मीठ, ३.८ ग्रॅम खायचा सोडा आणि ०.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. सहा लिटरच्या खेपेला मीठ ३२ ग्रॅम, सोडा २३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड २ ग्रॅमच्या आसपास. काट्यावर मोजून पुड्या आधीच करून ठेवाव्यात, रात्री दोन वाजता चमच्याने अंदाज चुकतो. सोडा खायचाच हवा, धुण्याचा सोडा आतडं भाजतो.

मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे जुलाबाचं मीठ, आतड्यात पाणी ओढून आणतं. मात्रा किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे १७५ ते ३५० ग्रॅम, चार-पाच लिटर पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा. तीन दिवसांपुढे देऊ नये, मॅग्नेशियम रक्तात साठून घोडा लुळा पडतो. आणि पाण्याची भरपाई चालू असेल तरच द्यायचं, नाहीतर कोरड्या शरीरातलं उरलंसुरलं पाणीही ते ओढून घेतं.

लिक्विड पॅराफिन किलोमागे ५ ते १० मिलि, म्हणजे दोन ते साडेतीन लिटर. त्याच्यावर लोकांचा फार विश्वास, पण ते कडक गोळा भिजवत नाही, कडेने घसरून जातं. शेपटीखाली तेल दिसलं म्हणजे वाट मोकळी झाली असं समजू नये. वाट अंशतः मोकळी आहे एवढंच त्यावरून कळतं.

घोड्याला दर दोन-तीन तासांनी दहा-पंधरा मिनिटं हातात धरून फिरवावं. तासन्‌तास दामटत नेऊ नये, आजारी जनावर थकतं. शांत पडून असेल तर पडू द्यावं. लोळून स्वतःला इजा करत असेल तरच उठवावं.

या पद्धतीने माल साधारण एक ते तीन दिवसांत सुटतो. आधी चिकट थराचे कडक गोळे, मग मऊ लीद, मग पातळ. दोन-तीन वेळा लीद आली म्हणून नळी थांबवू नये. डॉक्टरांनी पुन्हा हात घालून गोळा गेल्याची खात्री करावी.

जे करू नये

बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तोंड वर करून तेल ओतू नये. हे सगळ्यात मोठं. गोडेतेल, तूप, पॅराफिन, काढा, काहीही. डोकं वर धरलेल्या घोड्याला नीट गिळता येत नाही आणि द्रव श्वासनलिकेत उतरतो. पॅराफिनचा तर ठसकाही लागत नाही, म्हणून ओतणाऱ्याला कळतच नाही. दोन-तीन दिवसांनी घोडा पोटाने बरा असतो आणि फुप्फुसांनी मरत असतो. बैलाला पाजतात तसं घोड्याला पाजता येत नाही, हे म्हैस-बैल सांभाळणाऱ्या घरात मुद्दाम सांगावं लागतं.

एरंडेल देऊ नये, त्याने आतड्याच्या अस्तराला सूज येते आणि रक्ती जुलाब होतात. आतड्याला जोरात आवळणारं निओस्टिग्मिन गोळा कडक असताना दिलं तर भिंत फुटू शकते. ॲट्रोपिन उलटं, आतडं तासन्‌तास झोपवतं. एनिमाचं पाणी शेवटच्या आतड्यापलीकडे पोचत नाही, म्हणून मोठ्या घोड्यात कमरेच्या वळणावरच्या गोळ्याला त्याचा उपयोग शून्य. नवजात शिंगराची पहिली काळी लीद अडकली तर मात्र एनिमाच कामी येतो, तोही डॉक्टरांच्या हातून.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना ठाऊक आहे. गाई-म्हशींच्या गोचिडांवर फवारायचं अमिट्राज घोड्यावर वापरू नये. त्याने घोड्याचं मोठं आतडं बंद पडतं आणि चारा अडकतो. एकाच गोठ्यात बैल आणि घोडी असेल तर फवाऱ्याची बाटली तपासून बघावी, बैलांवर मारताना घोडीला वारा जिकडून येतो त्या बाजूला दूर बांधावं.

ऑपरेशनची वेळ

नाडी ६० च्या वर टिकली, औषधाला दुखणं दाद देईना, पोट ढोलासारखं ताणलं, हिरडी काळवंडली, नळीतून द्रव येऊ लागला, पोटातलं पाणी लालसर आलं, यांतलं काहीही झालं की नळीच्या उपचाराची मर्यादा संपली. ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल देऊन पोट मध्यरेषेवर उघडतात, कमरेकडच्या वळणावर आतड्याला छेद घेऊन नळाच्या पाण्याने माल धुऊन काढतात. त्यासाठी घोड्याला उलटं निजवणारं टेबल, भुलेचं यंत्र आणि सवयीची माणसं लागतात. ही सोय मोठ्या शहरातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत किंवा घोड्यांच्या खास दवाखान्यांत असते, आणि खान्देशातून तिथवर गाडीने बराच पल्ला. त्यामुळे निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे, लक्षण दिसताच घ्यावा. निघण्याआधी नळीने जठर रिकामं करून घ्यावं.

बरा झाल्यावर आणि त्याआधीही

सुटलेल्या आतड्यावर लगेच कडबा टाकला तर ते पुन्हा भरतं. पहिल्या दिवशी मूठ-मूठ हिरवं गवत किंवा पाण्यात चांगला भिजवलेला गव्हाचा कोंडा, दर तीन-चार तासांनी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रमाण वाढवत न्यावं. कडबा नेहमीच्या चौथ्या हिश्श्यापासून, कुट्टी करून आणि पाणी शिंपडून. चंदी सगळ्यात शेवटी.

खान्देशात घोड्याला जे मिळतं त्यात दादर ज्वारीचा कडबा पालेदार असेल तर चांगला, पण खालची जाड ताटं काढून टाकावीत. संकरित ज्वारीचा आणि बाजरीचा सुकलेला भरड चारा, हरभऱ्याचं किंवा गव्हाचं कुटार, नुसत्या यांवर घोडा ठेवू नये. भुईमुगाचा पाला चवीने खातात, पण मुळांना चिकटलेली माती झटकून द्यावा. ३५० किलोच्या घोड्याला रोज ५ ते ७ किलो कोरडा चारा लागतो. नवा चारा जुन्यात मिसळत ७ ते १० दिवसांत बदलावा. घोडा विकत घेताना त्याच्या सध्याच्या चाऱ्याची दोन-तीन पोती मागून आणावीत, विकणारा सहसा नाही म्हणत नाही.

पाणी मोजून पाजावं. कोरड्या चाऱ्यावरच्या निवांत घोड्याने थंडीतही १५ लिटरच्या दोन बादल्यांच्या आसपास प्यायला हवं, उन्हाळ्यात काम असेल तर त्याच्या दुप्पट. धुळे-नंदुरबारकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हौदातलं पाणी घोडा टाळतो. त्यात चुलीवरचं गरम पाणी मिसळून कोमट केलं की प्यायलेलं प्रमाण लगेच वाढलेलं दिसतं. रोज २५-३० ग्रॅम मीठ चंदीत घालावं. दाढांचे काटे वर्षातून एकदा कानशीने घासून घ्यावेत. दावणीला असलेल्या घोड्याला रोज निदान दोनदा मोकळं फिरवावं, आणि दुखापतीमुळे बांधावंच लागलं तर त्याच दिवशी चंदी कमी करून चारा ओला करावा.

तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठी चरणाऱ्या घोड्यांत वाळूने आतडं अडकण्याचा प्रकारही असतो. वाळू पोटाच्या तळाशी बसते, आणि बेंबीपुढे स्टेथोस्कोप लावला तर समुद्रकिनाऱ्यासारखी सरसर ऐकू येते. घरी करता येईल अशी तपासणी: जमिनीला न लागलेले लिदेचे पाच-सहा गोळे काचेच्या बरणीत घालून भरपूर पाण्यात कालवावेत आणि वीस मिनिटं हलवू नये. तळाशी चमचाभर किंवा जास्त वाळू दिसली तर उपचार हवा. बरणीत वाळू नाही दिसली म्हणून पोटात नाहीच असं नव्हे, तपासणी आठवड्याने पुन्हा करावी. इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी किलोमागे एक ग्रॅम, नळीतून, रोज एकदा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन दिवस. इसबगोल पाण्यात पडताच फुगतो, म्हणून नळी जागेवर बसल्यावरच कालवावा आणि लगेच ओतावा, उशीर झाला तर नळीतच घट्ट होतो. पुढे घोड्याचा चारा वाळूवर न टाकता गव्हाणीत किंवा रबरी चटईवर टाकावा, आणि सांडलेला भुसा झाडून उचलावा, कारण घोडा शेवटचा कण ओठांनी वेचताना वाळूही उचलतो.